अडलेला प्रश्न कारखान्याबाहेर कसा मांडावा: मराठवाड्यातल्या मध्यम उद्योगांसाठी

वाळूज किंवा शेंद्र्यातल्या मध्यम कारखान्यात ‘आर अँड डी’ची पाटी लावलेली खोली बहुतेक वेळा सापडते. आत चाललेलं असतं ते नव्या पार्टचं डेव्हलपमेंट. ग्राहकाचं ड्रॉइंग आलं, टूल बनवलं, सॅम्पल पास करून घेतलं. हेही कौशल्याचंच काम, पण त्यातून कारखान्याचे स्वतःचे जुने प्रश्न सुटत नाहीत. डायकास्टिंगचं (वितळलेला धातू साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून भाग बनवण्याचं) रिजेक्शन वर्षानुवर्षं त्याच टक्क्यावर अडून राहतं, जालन्यात फर्नेसच्या स्लॅगचे (पोलाद वितळवताना उरणाऱ्या मळीचे) ढीग वाढत जातात, लातूरची डाळ मिल पावसाळ्यात ऊन पडायची वाट बघत बसते. यासाठी स्वतःची प्रयोगशाळा उभारून चार पीएच.डी. नेमणं पन्नास-शंभर कोटींच्या कंपनीला झेपत नाही. प्रश्न बाहेर मांडून उत्तर मागवणं झेपतं. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

या पद्धतीला ओपन इनोव्हेशन हे नाव हेन्री चेसब्रो यांच्यामुळे २००३ पासून रूढ झालं. अनोळखी लोकांच्या समूहापुढे काम टाकण्याला जेफ हाउ यांनी २००६ मध्ये क्राउडसोर्सिंग म्हटलं. रीत मात्र फार जुनी आहे. भर समुद्रात रेखांश कसे काढायचे यासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये २० हजार पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ आकाशात उत्तर शोधत राहिले आणि जॉन हॅरिसन या सुताराने अचूक चालणारं घड्याळ बनवून ते दिलं. पैशांसाठी त्याला जन्मभर झगडावं लागलं. शेवटची रक्कम १७७३ मध्ये हातात पडली तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता. बक्षीस लावणाऱ्याने या गोष्टीचे दोन्ही भाग लक्षात ठेवावेत.

अलीकडचा पुरावाही आहे. एली लिली या औषध कंपनीतून २००१ मध्ये ‘इनोसेंटिव्ह’ नावाचा मंच निघाला. कंपन्यांच्या प्रयोगशाळांत अडलेले प्रश्न तो जगापुढे ठेवायचा. त्यावरच्या १६६ प्रश्नांचा अभ्यास झाला तेव्हा सुमारे ३० टक्के प्रश्न सुटल्याचं दिसलं. ज्यांचं क्षेत्र प्रश्नाच्या क्षेत्रापासून लांबचं होतं, त्यांना उत्तर सापडण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे बाहेर डोकी भरपूर आहेत. घोडं अडतं ते कंपनीच्या आत: प्रश्न नीट लिहिलेला नसतो, आणि उत्तर आलं तर ते हातात घ्यायला कुणी मोकळं नसतं. म्हणून खालच्या पायऱ्यांतला बराचसा भाग आतल्याच कामाचा आहे.

पायरी १: हा प्रश्न बाहेर नेण्यासारखा आहे का?

अडलेले दहा-पंधरा प्रश्न कागदावर उतरवा आणि त्यांना तीन चाळण्या लावा.

पहिली चाळणी मालकीची. ऑटो पार्ट बनवणाऱ्यांनी इथे फार जपायला हवं. ड्रॉइंग आणि मटेरियलचं स्पेसिफिकेशन ग्राहक कंपनीचं असतं, पुष्कळदा टूलसुद्धा. त्यावर गोपनीयतेच्या करारात तुमची सही असते. त्या पार्टचा साधा फोटो बाहेर गेला तरी करार मोडतो. मग पार्ट झाकून प्रक्रिया मांडायची. ‘अमुक ब्रॅकेटमध्ये ब्लो होल (हवेच्या पोकळ्या) येतात’ असं न लिहिता ‘२ ते ४ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम प्रेशर डायकास्टिंगमध्ये डायच्या पोकळीत अडकणारी हवा बाहेर काढायची आहे’ असं लिहा. उत्तर देणाऱ्याला तेवढं पुरतं.

दुसरी चाळणी धंद्याच्या गाभ्याची. बियाणे कंपनीने आपल्या पॅरेंट लाइन (ज्यांच्यापासून संकरित बियाणं बनतं ते मूळ वाण) कुणाला दाखवू नयेत. गोदामात बियाण्याची उगवणशक्ती का घटते, हा प्रश्न मात्र तिने चावडीवर खुशाल मांडावा.

तिसऱ्या चाळणीचा लोक कंटाळा करतात: उत्तर आधीच कुठे पडलेलं नाही ना? भारतीय पेटंट कार्यालयाचं ‘इनपास’ आणि ‘गूगल पेटंट्स’ ही दोन्ही शोधयंत्रं फुकट आहेत. विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर आणि कृषी विद्यापीठांचे ‘कृषिकोश’वर मिळतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आणि तिथल्या अन्नतंत्र महाविद्यालयात धान्य प्रक्रियेवर कितीतरी मुलांनी प्रबंध लिहिलेत; त्यातले बरेच मार्गदर्शक आणि परीक्षक सोडून कुणी उघडलेले नसावेत. एका अभियंत्याला आठवडाभर एवढंच काम द्या. काही प्रश्न इथेच मिटतील, आणि उरलेल्यांच्या बाबतीत आजवर कुणी काय करून पाहिलं ते तरी हाती लागेल.

पायरी २: आत एक जबाबदार माणूस

साबणापासून वेफरपर्यंत घरगुती वस्तू बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकी कंपनीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिचे प्रमुख ए. जी. लाफ्ली यांनी २००० नंतर तिथे निम्म्या नव्या कल्पना बाहेरून आणायचं उद्दिष्ट ठेवलं. प्रिंगल्स या बटाट्याच्या वेफरवर चित्रं-अक्षरं छापायची होती, तेव्हा त्यांना ते तंत्र इटलीतल्या बोलोन्याच्या एका छोट्या बेकरीत सापडलं. ही गोष्ट सांगताना एक भाग गाळला जातो: बेकरीपर्यंत पोचायला कंपनीने माणसं नेमली होती आणि शोधणं हेच त्यांचं काम होतं.

तुमच्याकडे एकच माणूस असला तरी चालेल, पण तो कोण असावा? माझं मत असं की संशोधन प्रमुख नको. बाहेरचं उत्तर म्हणजे आपल्या विभागाची नामुष्की असं त्याला वाटू शकतं, आणि नको असलेल्या उत्तरात खोट काढणं सोपं असतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. रिजेक्शनचा आकडा रोज सकाळी ज्याला वर सांगावा लागतो तो प्रॉडक्शनचा माणूस घ्या. त्याला आठवड्यातला एक दिवस मोकळा द्या आणि चाचणीसाठी मशीन थांबवण्याचा अधिकार लेखी द्या. महिनाअखेर डिस्पॅचची घाई लागली की चाचणी पुढे ढकलली जाते, तिसऱ्या महिन्यात ती सगळेच विसरतात. चांगल्या कल्पना वाईट कल्पनांपुढे जेवढ्या हरत नाहीत तेवढ्या या महिनाअखेरीपुढे हरतात.

बाहेर जाण्याआधी एक फेरी आत करा. शॉप फ्लोअरवर प्रश्न मराठीत लावा आणि नाव न देता उत्तर टाकायची सोय ठेवा. वीस वर्षं त्याच मशीनसमोर उभ्या असलेल्या मिस्त्रीला बसवून विचारलं तर पहिलं वाक्य बहुधा हेच येतं: “साहेब, आम्ही कव्हापासून सांगायलोत, ऐकतंय कोण?” आतून आलेल्या उत्तरालाही बाहेरच्याइतकंच बक्षीस ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी तोच माणूस भाच्याच्या नावाने बाहेरून अर्ज करेल, आणि त्यात त्याचं चूक काहीच नसेल.

पायरी ३: प्रश्नाचा कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. महिना लागला तरी हरकत नाही.

उदाहरणासाठी लातूरची एक डाळ मिल धरू. तिचा प्रश्न उताऱ्याचा, म्हणजे तुरीतून किती डाळ निघते त्याचा. मालक सहसा असं लिहून देतात: ‘डाळीचा उतारा वाढवण्यासाठी नावीन्यपूर्ण कल्पना पाठवा.’ यावर अर्ज ढिगाने येतील आणि कामाचा एकही नसेल. आता हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने लिहू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

‘तुरीच्या दाण्यात टरफल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. तो सैल करायला आम्ही एमरी रोलवर दाण्याला ओरखडे पाडतो, खाद्यतेल लावून मुरवतो, पाणी देतो आणि अंगणात उन्हात वाळवतो. याला हवामानाप्रमाणे तीन ते पाच दिवस जातात. जून ते सप्टेंबर काम रखडतं. आज १०० किलो तुरीतून ७२ किलो डाळ मिळते, बाकीचं टरफल, खंडा (तुटलेली डाळ) आणि चुनीत (चुऱ्यात) जातं. आम्हाला अशी रीत हवी की जी उन्हावर अवलंबून नाही, २४ तासांत पुरी होते, दाण्याची ओल १० टक्क्यांच्या आत आणते आणि उतारा किमान ७६ किलोवर नेते. इंधन आणि विजेचा खर्च क्विंटलमागे अमुक रुपयांच्या वर जाऊ नये. तेल-पाण्याशिवाय दुसरं रसायन चालणार नाही. डाळीचा रंग आणि शिजण्याचा वेळ बदलू नये. गरम हवेचा ड्रायर आम्ही लावून पाहिला आहे, त्यात दाणा तडकला. तापमानाच्या नोंदी सोबत आहेत.’

या कागदात आजचा आकडा आहे, हवा असलेला आकडा आहे, काय चालणार नाही ते आहे आणि आधीचा फसलेला प्रयत्न नोंदींसकट आहे. फसलेला प्रयत्न सांगायला कंपन्या लाजतात. पण तो लपवला की निम्मे लोक तोच ड्रायर परत सुचवतात.

मग याच कागदाची दुसरी आवृत्ती करा, ज्यात तूर नाही, डाळ नाही, मिल नाही: ‘दोन घन थरांना जोडणारा, पाण्याने फुगणारा नैसर्गिक डिंक आतला ठिसूळ थर न तोडता सैल करायचा आहे.’ आता हा प्रश्न काजू प्रक्रियावाल्याचा झाला, प्लायवूडवाल्याचा झाला, चिकट पदार्थांच्या रसायनशास्त्रज्ञाचाही झाला. अलास्कातल्या तेलगळतीवर काम करणाऱ्या संस्थेने असंच केलं होतं. थंडीने घट्ट झालेलं तेल टाक्यांतून उपसता येत नव्हतं. प्रश्न इनोसेंटिव्हवर मांडल्यावर २००७ मध्ये उत्तर आलं ते काँक्रीटची माहिती असलेल्या माणसाकडून: ओतलेलं काँक्रीट घट्ट होऊ नये म्हणून व्हायब्रेटर वापरतात, तसाच तेलात वापरा. बक्षीस होतं २० हजार डॉलर.

यांत्रिक प्रश्न असेल तर कागदासोबत मोजमापं द्यायची. जीई कंपनीने २०१३ मध्ये विमानाच्या इंजिनाचा एक ब्रॅकेट हलका करण्याची स्पर्धा ठेवली तेव्हा धातू कोणता, ब्रॅकेट बसायची जागा केवढी आणि त्यावर येणारे चार प्रकारचे भार कोणते, हे सगळं आधीच देऊन टाकलं. सुमारे ७०० डिझाइन आली. जिंकलेलं डिझाइन इंडोनेशियातल्या एका अभियंत्याचं होतं. दोन किलोंचा ब्रॅकेट ३२७ ग्रॅमवर आला. कॅनडातल्या गोल्डकॉर्प कंपनीने २००० मध्ये आपल्या रेड लेक खाणीची भूगर्भीय माहिती अख्ख्या जगाला उघडी केली आणि ५ लाख ७५ हजार डॉलरची बक्षिसं लावली. लोकांनी सोनं असण्याच्या ११० जागा सुचवल्या, त्यातल्या निम्म्या कंपनीच्या ध्यानीमनीही नव्हत्या. खाण धंद्यात ही माहिती तिजोरीत ठेवायची चीज. पण माहिती न देता उत्तर मागणं म्हणजे आडात नसलेलं पोहऱ्यात शोधणं.

कागद मराठी आणि इंग्रजी, दोन्हीत हवा. मराठी मजकूर इंग्रजीचा शब्दशः तर्जुमा नको. मिलमध्ये जे शब्द चालतात तेच ठेवा.

पायरी ४: कोणती वाट?

उत्तर कुणाकडे असेल याचा अंदाजच नसेल तर बक्षिसाची खुली स्पर्धा. उत्तर कुणाकडे आहे ते माहीत असेल तर स्पर्धेचा खटाटोप कशाला? त्या माणसाशी किंवा संस्थेशी थेट करार करा. डाळीच्या प्रश्नावर आधी परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय आणि म्हैसूरची सीएफटीआरआय ही केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था गाठावी, तिथे काम अडलं तर स्पर्धा. तुरीच्या वाणाचाच प्रश्न निघाला तर बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र जालन्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

तयार तंत्रज्ञान परवान्यावर घेणं हीसुद्धा ओपन इनोव्हेशनचीच वाट, आणि जालन्याला ती नवी नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या महिको या बियाणे कंपनीने अमेरिकेच्या मोन्सँटोचं बीटी तंत्रज्ञान (बोंडअळीला रोखणारं जनुक) आपल्या कपाशीच्या संकरित वाणांत आणलं आणि २००२ मध्ये त्यांना लागवडीची मंजुरी मिळाली. त्या कपाशीवरचे पुढचे वाद सर्वांना माहीत आहेत. इथे एवढंच घ्यायचं की जनुक बाहेरचं होतं, पण ते इथल्या वाणात बसवायचं ज्ञान आतलं होतं. ते नसतं तर परवाना घेऊन उपयोग शून्य.

स्पर्धक मिळून एक प्रश्न सोडवू शकतात, असा सल्ला दिला की लोक हसतात. पण इंडक्शन फर्नेसच्या स्लॅगचं काय करायचं यात जालन्यातल्या सळई कारखान्यांची आपसात स्पर्धा आहे कुठे? प्रत्येकाने वेगळी चाचणी करण्यापेक्षा दहा जणांनी वर्गणी काढून एकच काम द्यावं आणि अहवाल सगळ्यांनी वापरावा.

राहिला हॅकेथॉन, म्हणजे सलग दीड दिवस बसून उत्तर शोधायची स्पर्धा. सॉफ्टवेअर, सेन्सर किंवा डेटाचा प्रश्न असेल तर जरूर घ्या. केंद्र सरकारचा ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ २०१७ पासून चालतो आणि इथली मुलं त्यात उतरतात. पण ३६ तासांत धान्य मुरत नाही आणि डायही बनत नाही. पदार्थांच्या प्रश्नावर हॅकेथॉन ठेवला तर हाती चकचकीत स्लाइड आणि बक्षीस समारंभाचे फोटो लागतात.

पायरी ५: रक्कम आणि वेळापत्रक

बक्षीस अंदाजाने ठरवू नका. समजा मिल रोज २०० क्विंटल तूर भरडते. उतारा एक टक्का वाढला तर रोज २ क्विंटल डाळ जास्त, वर्षाच्या २५० दिवसांत ५०० क्विंटल. डाळ आणि चुनी यांच्या भावातला फरक क्विंटलला ६,००० रुपये धरला तर वर्षाला ३० लाख. चार टक्के वाढ मागणाऱ्या मालकाने मग २१ हजारांचं बक्षीस आणि सन्मानचिन्ह जाहीर करणं शोभत नाही. अशा प्रश्नाला चार-पाच लाख ठेवावेत, तेही टप्प्याने: कागदावरची कल्पना निवडली की थोडे, नमुना चालला की काही, मिलमध्ये आकडा गाठला की उरलेले. टप्पे ठेवले की खिशात पैसे नसलेला विद्यार्थी किंवा छोटा फॅब्रिकेटरही टिकून राहतो. नमुन्यासाठी लागणारा माल तुम्हीच पोचवा. बक्षिसावरचा कर कसा कापायचा ते सीएला आधी विचारा आणि जाहिरातीतच लिहा. हा खर्च सीएसआरमध्ये (कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चात) घालायचा मोह होतो. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचं काम त्यात बसत नाही.

वेळापत्रक इथल्या वर्षाप्रमाणे आखा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट साधारण जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात आणि एप्रिल-मेमध्ये संपतात. डिसेंबरात स्पर्धा काढली तर कॉलेजं हातची गेली. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, तेव्हा शेतकऱ्याला कशाचीच फुरसत नसते. नवी तूर जानेवारीपासून बाजारात येते. डाळीची खरी चाचणी तेव्हाच्या ताज्या मालावर आणि पुन्हा पावसाळ्यात जुन्या मालावर, अशी दोनदा घ्यावी लागते. म्हणजे जाहिरात जूनअखेर, कल्पना सप्टेंबरपर्यंत, नमुना डिसेंबरपर्यंत, मिलमधली पहिली चाचणी फेब्रुवारीत.

पायरी ६: हक्क कुणाचा?

चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवड करत करत ‘एचएमटी’ हा तांदळाचा वाण तयार केला. पुढे कृषी विद्यापीठाने तो शुद्ध करून ‘पीकेव्ही-एचएमटी’ म्हणून प्रसारित केला. वाण दूरवर पसरला. श्रेय आणि मोबदला मिळाला नाही ही खोब्रागडे यांची व्यथा २०१८ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत कायम राहिली. शेतकऱ्याकडे किंवा मिस्त्रीकडे ‘तुमची युक्ती सांगा’ म्हणून गेलात तर समोरच्याच्या मनात अशाच गोष्टी असतात. म्हणून अटींचं पान सोप्या मराठीत आणि प्रश्नाच्या आधी द्या.

त्या पानावर काय हवं? पहिलं म्हणजे निवड न झालेल्या कल्पनेवर कंपनीचा काहीही हक्क नाही, हे स्पष्ट वाक्य. ‘आलेल्या सर्व प्रवेशिका कंपनीच्या मालकीच्या होतील’ असं छापलेलं पुष्कळदा दिसतं. ते वाचून जाणता माणूस अर्जच करत नाही. निवडलेल्या कल्पनेसाठी दोन पर्याय ठेवा: पूर्ण हस्तांतरण हवं असेल तर रक्कम मोठी, फक्त आपल्या कारखान्यात वापरायचा परवाना पुरत असेल तर लहान. डाळ मिलला परवाना पुरतो. उत्तर देणाऱ्याला तेच यंत्र दुसऱ्या मिलला विकू दिलं तर तो कमी पैशांत तयार होईल आणि यंत्राची दुरुस्ती करायलाही जागेवर राहील.

कायद्याच्या काही गोष्टी वकिलाकडे जाण्याआधी माहीत असाव्यात. पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी कल्पना जाहीर केली तर तिचं नवेपण जातं; अपवाद आहेत पण फार अरुंद. म्हणून सादरीकरण खुल्या सभागृहात ठेवू नका, किंवा स्पर्धकाला आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज भरायला सांगा. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थांसाठी ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. पेटंटचं हस्तांतरण लेखीच लागतं. विद्यापीठं ‘संयुक्त मालकी’ सुचवतात आणि ती ऐकायला गोड वाटते. पण भारतीय कायद्यात संयुक्त मालक स्वतः पेटंट वापरू शकतो, दुसऱ्याच्या संमतीशिवाय कुणाला परवाना देऊ शकत नाही. त्यामुळे ती संमती करारातच घेऊन ठेवा. सॉफ्टवेअर किंवा ड्रॉइंगच्या कॉपीराइटचं हस्तांतरण करताना मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. शेतीची पद्धत आपल्याकडे पेटंट होत नाही, म्हणून शेतकऱ्याच्या युक्तीचा मोबदला करारातूनच द्यावा लागतो. शेतकऱ्याने जपलेला वाण मात्र २००१ च्या कायद्याखाली त्याच्या नावावर नोंदवता येतो, आणि तो त्याच्याच नावावर नोंदवायला मदत करावी. प्रश्न गावरान वाणांचा किंवा वनस्पतींचा असेल तर राज्य जैवविविधता मंडळाचे नियम आधी बघा.

पायरी ७: बातमी पोचवणं

कंपनीच्या संकेतस्थळावर टाकलेली जाहिरात कंपनीतलेच लोक वाचतात. बातमी इथे न्या: छत्रपती संभाजीनगरात सीएमआयए आणि मसिआ या उद्योजकांच्या संघटना, नव्या उद्योगांना आधार देणारं मॅजिक हे इन्क्युबेटर, इंडो-जर्मन टूल रूम आणि वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर, नांदेडला एसजीजीएस अभियांत्रिकी संस्था, जालन्याला आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र, जिल्ह्याजिल्ह्यांत आयटीआय आणि कृषी विज्ञान केंद्रं. ई-मेल पाठवून थांबू नका, त्या जबाबदार माणसाने जाऊन अर्धा तास प्रश्न समजावून सांगावा.

संस्थांच्या यादीत न सापडणारे लोकही आहेत. मळणी यंत्रं, पेरणी यंत्रं, फवारणीचे जुगाड बनवणारे फॅब्रिकेशनवाले प्रत्येक तालुक्याच्या गावाला आहेत. ते फॉर्म भरत नाहीत. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि मराठीत बोलून उत्तर नोंदवायची सोय ठेवा. आणि त्यांना एकदा मिल दाखवा, कारण ही माणसं यंत्र बघून विचार करतात.

पायरी ८: निवड

निकष जाहिरातीच्या आधी ठरवा आणि नंतर बदलू नका. पहिल्या वाचनात नाव, कॉलेज, गाव झाकून ठेवा. परीक्षक तिघे पुरेत: प्रॉडक्शनचा, खर्चाचा आणि एक बाहेरचा विषयतज्ज्ञ. मॅनेजिंग डायरेक्टरांना समितीत घेऊ नका, ते बोलले की बाकीचे गप्प होतात.

संख्येला भुलू नये. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली तेव्हा बीपी या तेल कंपनीकडे लाखाहून जास्त सूचना आल्या. प्रत्यक्ष चाचणीपर्यंत त्यातल्या अगदी मोजक्या पोचल्या. सूचना वाचायलाही माणसं लागतात. छोट्या कंपनीला तीस नीट लिहिलेले अर्ज पुष्कळ झाले.

नेटफ्लिक्सचा धडा निकषांबद्दलचा आहे. चित्रपटांच्या शिफारशी १० टक्क्यांनी अचूक करणाऱ्याला त्यांनी १० लाख डॉलर लावले, २००९ मध्ये दिलेही. पण जिंकलेली पद्धत पूर्णपणे वापरात आली नाही. वाढलेल्या अचूकतेच्या मानाने ती बसवायचा व्याप मोठा होता. निकषांत अचूकता होती, व्याप नव्हता. म्हणून डाळीच्या कागदात क्विंटलमागच्या खर्चाची अट पहिल्या दिवसापासून हवी, आणि ‘मिलमधला सध्याचा फिटर हे चालवू शकेल का’ हाही एक निकष हवा. त्याच स्पर्धेत नावं पुसून दिलेल्या माहितीतूनही काही ग्राहक ओळखता येतात हे संशोधकांनी दाखवलं आणि दुसरी स्पर्धा रद्द झाली. ग्राहकांचा किंवा कामगारांचा डेटा देणार असाल तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वकिलाकडून समजून घ्या.

नाकारलेल्या प्रत्येकाला कारण कळवा, दोन ओळींत का होईना. उत्तर न देणाऱ्या कंपनीची बातमी सगळ्या कॉलेजांत एका सेमिस्टरमध्ये पसरते.

पायरी ९: कागदावरून लाइनवर

बक्षीस दिलं की काम झालं असं धरून बजेट केलं जातं, आणि इथेच बहुतेक प्रयोग विझतात. बक्षिसाइतकीच किंवा त्याहून जास्त रक्कम चाचणी आणि बसवणी यांसाठी आधीच बाजूला काढा.

डाळीची चाचणी अशी घ्यावी. एकाच लॉटची तूर दोन भागांत वाटायची, एक जुन्या रीतीने, एक नव्या. दोन्हींची ओल, उतारा, खंडा, चुनी आणि लागलेली वीज तोलून-मोजून लिहायची. आधी ५० किलो, मग पाच क्विंटल, मग पूर्ण पाळी. प्रत्येक टप्प्यावर तीन वेगवेगळे लॉट, कारण उदगीरची तूर आणि कर्नाटकातून आलेली तूर सारखी वागत नाही. तयार डाळ व्यापाऱ्याला दाखवायची. रंग त्याच्या मनाला आला नाही तर उताऱ्याचा आकडा कितीही चांगला असो, भावात मार बसतो. चाचणीच्या दिवशी उत्तर देणारा माणूस मिलमध्ये हजर हवा आणि त्याचा प्रवास-मुक्काम तुमच्याकडे. काही बिघडलं तर त्याला सुधारायची निदान एक संधी द्यावी. पहिल्याच दिवशी जमलं नाही म्हणून ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ म्हणणारे प्रत्येक कारखान्यात तयारच असतात.

आकडा गाठला की ठरलेले पैसे पंधरा दिवसांत द्या. खरेदी विभागाच्या ९० दिवसांच्या नियमात हे बिल अडकू देऊ नका. आकडा गाठला नाही, तर झालेल्या टप्प्यांचे पैसे चुकते करा आणि चाचणीच्या नोंदी प्रश्नाच्या कागदाला जोडा. पुढच्या जूनमध्ये तोच कागद या नव्या नोंदींसह पुन्हा काढायचा, आणि पहिल्या फेरीत चांगलं लिहिलेल्या पाच-सहा जणांना आधी फोन करायचा.